मुनीम, दलाल आणि आयकर : भाड्याच्या मिळकतीवरील खर्चाचा इतिहास

मेहरूणचे नाव घेतले की जुन्या पिढीला तलाव आणि बोरे आठवतात. एके काळी जळगावलगतचे स्वतंत्र खेडे असलेले हे गाव आज जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. शेताचे भूखंड झाले, भूखंडांवर घरे उभी राहिली आणि घरांबरोबर भाडेकरूही आले. शेजारच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे कामगार, शिक्षणासाठी आलेले विद्यार्थी, बदलीवर आलेले नोकरदार अशा अनेकांनी या परिसरात भाड्याने बिऱ्हाडे थाटली. खेड्याचे उपनगर झाले आणि भाडे हे येथील अनेक कुटुंबांच्या उत्पन्नाचे एक नियमित साधन बनले.

खानदेशातील जैन समाज प्रामुख्याने व्यापारी. कापूस, धान्य, डाळी, किराणा, सराफी या व्यवसायांतून जे शिल्लक राहिले त्यातील काही भाग जागेत गुंतविण्याची रीत जुनी आहे. त्याच रीतीतून समाजाच्या संस्थाही उभ्या राहिल्या. कोणी दुकानाचा गाळा दान दिला, कोणी घर दिले, कोणी मोकळी जागा दिली. देणाऱ्याचा हेतू एकच असे की, या मिळकतीच्या भाड्यातून पाठशाळा, धर्मशाळा, जीवदया, साधर्मिक साहाय्य ही कामे अखंड चालावीत. त्यामुळे भाड्याच्या प्रत्येक रुपयातून किती खर्च वजा होतो आणि किती रक्कम प्रत्यक्ष कार्यासाठी उरते, हा प्रश्न घरमालकापुरता खासगी राहत नाही. तो समाजाच्या संस्थांचाही प्रश्न ठरतो.

या खर्चांपैकी एका खर्चाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. तो खर्च म्हणजे भाडेकरू आणून देणाऱ्या दलालाची दलाली. घरमालक ती दरवेळी देतो. परंतु आयकराच्या हिशेबात तिचे स्थान काय, याचे उत्तर मालकापरत्वे आणि मिळकतीपरत्वे बदलते. असे का झाले, हे समजण्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

मुनिमाचा काळ

१९०६ साली खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. जळगाव पूर्वेचे आणि धुळे पश्चिमेचे मुख्य ठाणे बनले. रेल्वे, कापसाचा व्यापार आणि सरकारी कचेऱ्या यांमुळे दोन्ही शहरांत वस्ती वाढली, चाळी आणि पेठा उभ्या राहिल्या. त्या काळी भाडेकरू मिळविणे फारसे अवघड नव्हते. ओळखीने, नात्याने, पेढीच्या शिफारशीने माणूस येई आणि एकदा आला की वर्षानुवर्षे राही. अवघड काम होते ते भाडे वसूल करण्याचे. दरमहा दारोदार जाणे, पावत्या फाडणे, थकबाकीची वही ठेवणे यासाठी पेढीचा मुनीम किंवा एखादा वसुली कारकून नेमावा लागे.

१९२२ च्या भारतीय आयकर अधिनियमाने ही स्थिती डोळ्यांपुढे ठेवून घरमिळकतीची आकारणी ठरविली. या अधिनियमाच्या नवव्या कलमात मिळकतीच्या 'वार्षिक मूल्या'वर कर बसविला गेला. मिळकत वर्षभर भाड्याने दिल्यास वाजवीपणे जे भाडे येईल ते तिचे वार्षिक मूल्य. त्यातून वजा करावयाच्या बाबी कायद्याने एक-एक करून मोजून दिल्या. दुरुस्तीसाठी एक-षष्ठांश, विम्याचा हप्ता, गहाणावरील व्याज, जमिनीचे भाडे, सरकारी सारा, रिकामी राहिलेल्या काळाची सूट आणि भाडेवसुलीचा खर्च, तोही ठरविलेल्या मर्यादेपर्यंत. १९६१ च्या आयकर अधिनियमाने चोविसाव्या कलमात साधारण हीच यादी पुढे चालविली. भाडेवसुलीसाठी प्रत्यक्ष झालेला खर्च वार्षिक मूल्याच्या ६ टक्क्यांपर्यंत मान्य होई.

या यादीतील शब्द काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहेत. कायद्याने खर्च मान्य केला तो भाडे 'वसूल' करण्याचा. भाडेकरू 'मिळविण्याचा' खर्च या यादीत नव्हता. म्हणजे मुनिमाला कायद्यात जागा मिळाली, दलालाला मिळाली नाही. यात कायदेकर्त्यांचा दलालाविषयी काही आकस होता असे मानण्याचे कारण नाही. त्या काळच्या घरमालकाच्या वहीतच दलालीचा खर्च क्वचित लिहिला जात असे.

यादीबाहेरचा खर्च मान्य होत नाही, हे तत्त्वही त्याच काळात रुजले. व्यापाऱ्याला धंद्यासाठी केलेला कोणताही वाजवी खर्च वजा करता येतो. घरमालकाला मात्र कायद्याने नावाने सांगितलेलाच. म्हणून एखादा खर्च यादीतील कोणत्या शब्दात बसतो यावर मोठे वाद झाले. मुंबईच्या न्यू पीस गुड्स बझार कंपनीचा खटला यातील प्रसिद्ध होय. कंपनीने आपल्या मिळकतींवरील महापालिकेचा कर वजा करून मागितला. यादीत 'महापालिका कर' असे शब्द नव्हते; परंतु हा कर मिळकतीवरील वार्षिक बोजा आहे, असा कंपनीचा युक्तिवाद होता. मुंबई उच्च न्यायालयात तो टिकला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली मात्र तो मान्य केला. महापालिका करासारखा अटळ खर्चही सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिळवावा लागला, यावरून या यादीचे कुंपण किती पक्के होते याची कल्पना येते.

ठोक वजावटीची परंपरा

प्रत्यक्ष खर्चाचा पुरावा तपासत बसण्यापेक्षा एक ठरावीक हिस्सा सरसकट सोडून द्यावा, हा विचारही महाराष्ट्रात जुना आहे. १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमाने घरपट्टीसाठी मिळकतीचे करयोग्य मूल्य ठरविताना वार्षिक भाड्यातून १० टक्के रक्कम वजा करण्याची तरतूद केली आणि ही वजावट दुरुस्ती व इतर सर्व कारणांच्या ऐवजी आहे असे स्पष्ट म्हटले. मालकाने दुरुस्ती केली वा न केली, खर्च अधिक केला वा कमी, वजावट तेवढीच.

सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या बाबतीतही असाच हिशेब आला. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू झाल्यावर संस्थांची नोंदणी, हिशेब तपासणी आणि धर्मादाय आयुक्तांची देखरेख सुरू झाली. या अधिनियमाला आव्हान देणाऱ्यांत एका जैन मंदिराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी अग्रभागी होते. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या खटल्यात अधिनियमाचा बहुतांश भाग वैध ठरविला. मात्र धार्मिक संस्थेच्या आत्म्यालाच हात घालणाऱ्या काही तरतुदी रद्द केल्या. धर्मादाय प्रशासनाच्या खर्चासाठी घेतली जाणारी वर्गणी हा कर नसून सेवेचे शुल्क आहे, असेही न्यायालयाने म्हटले. ही वर्गणी ज्या उत्पन्नावर मोजावयाची ते ठरविण्यासाठी शेड्यूल नऊ-सी हा तक्ता आला. महाराष्ट्रातील प्रत्येक संस्थेच्या विश्वस्तांना तो परिचित आहे. त्यात भाड्याच्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी ठोक प्रमाण आणि भाडेवसुलीच्या खर्चासाठी एकूण भाड्याच्या ४ टक्के वजावट ठेवलेली आहे. येथेही शब्द तोच, 'वसुली'. मुनिमाची जागा कायम आणि दलाल बाहेरच.

भाडेनियंत्रण आणि दलालाचा उदय

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमाने, तो ज्या ज्या नागरी क्षेत्रांना लागू झाला तेथे, भाडे गोठविले आणि भाडेकरूला जागेवर दीर्घ संरक्षण दिले. एकदा आत आलेला भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या राहू लागला. भाडेकरू बदलण्याचा प्रश्नच उरला नाही, त्यामुळे दलालीचाही नाही. जागा बदलली तर पागडीवर बदले. पण पागडी घेणे त्या कायद्याने गुन्हा होता, म्हणून तो व्यवहार वहीबाहेर राहिला. लिव्ह अँड लायसन्स या पद्धतीने जागा देण्याची वाट मालकांनी शोधली; परंतु १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या लायसन्सधारकांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला आणि मालक पुन्हा सावध झाले. अनेकांनी रिकामी जागा कुलपात ठेवणे पसंत केले.

ही कोंडी फुटली ती महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ मुळे. ३१ मार्च २००० पासून तो अमलात आला. मुदत संपताच लायसन्सधारकाकडून जागा परत मिळविण्याची जलद व्यवस्था त्यात आहे, लेखी करार आणि त्याची नोंदणी बंधनकारक आहे आणि पागडीलाही कायदेशीर मान्यता मिळाली. मालकाला भरवसा वाटू लागला. कुलूप निघाले, जागा भाड्याने जाऊ लागल्या. परंतु करार आता अकरा महिन्यांचा, दोन वर्षांचा, फार तर तीन वर्षांचा. मुदत संपली की नवा भाडेकरू, आणि नवा भाडेकरू म्हणजे पुन्हा दलाली. जो खर्च आजोबांच्या वहीत आयुष्यात एकदा लिहिला जाई, तो नातवाच्या वहीत दर वर्षा-दोन वर्षांनी येऊ लागला. भाडे मात्र आता थेट बँकेत जमा होऊ लागले. मुनिमाची गरज संपली आणि दलालाची सुरू झाली.

२००१ चा बदल

दुर्दैवाने आयकराच्या कायद्याने याच सुमारास उलट दिशेने पाऊल टाकले. १९९० च्या दशकातच दुरुस्ती आणि भाडेवसुली या दोन वेगळ्या वजावटी एकत्र करून एकच ठोक प्रमाण ठरविण्यात आले होते. आधी ते एक-पंचमांश होते, पुढे एक-चतुर्थांश झाले. २००१ च्या वित्त अधिनियमाने, आकारणी वर्ष २००२-०३ पासून, सर्व जुनी यादीच पुसली आणि फक्त दोन वजावटी ठेवल्या. वार्षिक मूल्याच्या ३० टक्के ठोक रक्कम आणि मिळकतीसाठी घेतलेल्या कर्जावरील व्याज. मालकाने प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वार्षिक मूल्य काढतानाच वजा होते आणि भाडेकरू न मिळाल्याने जागा रिकामी राहिली तर तेवढे कमी आलेले भाडेही तेथेच लक्षात घेतले जाते. म्हणजे जागा रिकामी राहिल्याचे नुकसान कायदा जाणतो. ती रिकामी राहू नये म्हणून दिलेली दलाली मात्र वेगळी ओळखत नाही.

एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. मेहरूण परिसरातील एखाद्या सदनिकेचे भाडे दरमहा १०,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,२०,००० रुपये धरू. मालकाने घरपट्टी ६,००० रुपये भरली. उरले १,१४,००० रुपये. त्याचे ३० टक्के, म्हणजे ३४,२०० रुपये वजा जाता करपात्र उत्पन्न ७९,८०० रुपये. आता मालकाने एका महिन्याचे भाडे, १०,००० रुपये, दलालास दिले असले तरी हा आकडा बदलत नाही. आणि दलालास एक रुपयाही दिला नसला तरीही बदलत नाही. ज्याचा भाडेकरू दहा वर्षे टिकला त्याला ३० टक्क्यांत लाभ होतो. ज्याचा दरवर्षी बदलतो त्याला त्याच ३० टक्क्यांत दलाली, रंगरंगोटी, दुरुस्ती सर्व भागवावे लागते. ठोक वजावटीचा सोपेपणा आणि तिचा अन्याय हे दोन्ही असे एकाच आकड्यात सामावलेले आहेत.

काही मालकांनी दुसरा मार्ग धरला. दलाली ही वजावट म्हणून न मागता, ती वजा करून हाती आलेले भाडे हेच खरे भाडे, असा युक्तिवाद त्यांनी केला. सोसायटीला द्यावे लागणारे ना-वापर शुल्क अशा रीतीने भाड्यातून कमी करण्यास मुंबईच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने शर्मिला टागोर यांच्या खटल्यात २००५ साली मान्यता दिली होती. दलालीच्या बाबतीत मात्र न्यायाधिकरणाच्या पीठांनी एकमुखाने उत्तर दिलेले नाही. जागा ताब्यात ठेवण्यासाठी सोसायटीला द्यावेच लागणारे शुल्क वेगळे आणि भाडे ठरल्यावर त्यातून दुसऱ्याला दिलेला मोबदला वेगळा, हा आयकर खात्याचा प्रतिवाद वजनदार आहे. म्हणून सामान्य घरमालकाने दलाली ३० टक्क्यांतच सामावली आहे असे धरून चालणे शहाणपणाचे ठरते.

१ एप्रिल २०२६ पासून अमलात आणण्यासाठी संमत झालेल्या आयकर अधिनियम, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले, भाषा सोपी झाली. परंतु ३० टक्क्यांची ठोक वजावट आणि कर्जावरील व्याज हीच चौकट कायम राहिली. दलाल नव्या कायद्यातही बाहेरच उभा आहे.

शीर्ष बदलले की उत्तर बदलते

हे सर्व 'घरमिळकतीपासूनचे उत्पन्न' या शीर्षाखाली येणाऱ्या भाड्याला लागू होते. भाडे दुसऱ्या शीर्षात गेले की दलालीचे उत्तरही बदलते. मेहरूणकडील एखादा मोकळा भूखंड वखारीसाठी किंवा वाहने उभी करण्यासाठी भाड्याने दिला, तर तेथे इमारत नसल्याने ते घरमिळकतीचे उत्पन्न होत नाही. ते 'इतर साधनांपासूनचे उत्पन्न' ठरते आणि ते मिळविण्यासाठीच केलेला खर्च, दलालीसह, वजा होऊ शकतो. इमारत यंत्रसामग्री वा फर्निचरसह अशा रीतीने दिली की दोन्ही भाडी वेगळी करता येत नाहीत, तर तेही याच शीर्षात येते. सुलतान ब्रदर्स या मुंबईच्या कंपनीच्या हॉटेल इमारतीसंबंधी १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केले.

जागा भाड्याने देणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांचे उत्पन्न धंद्याचे मानावे काय, हा वादही दीर्घकाळ चालला. चेन्नई प्रॉपर्टीज या कंपनीच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली निर्णय दिला. मुंबईतील राज दादरकर अँड असोसिएट्स यांच्या दुकान-गाळ्यांच्या प्रकरणात मात्र २०१७ साली, धंद्याचे स्वरूप पुराव्याने सिद्ध झाले नाही म्हणून, भाडे घरमिळकतीचेच ठरले. धंद्याचे उत्पन्न ठरल्यास दलाली पूर्ण वजा होते. राहत्या घरांपुरती ही वाट २०२४ च्या वित्त अधिनियमाने बंद केली. मालकाने भाड्याने दिलेल्या राहत्या घराचे उत्पन्न आकारणी वर्ष २०२५-२६ पासून घरमिळकतीच्याच शीर्षात दाखवावे लागते.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडविला, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत दलाली हा भाडेकरार मिळविण्याचा खर्च मानून कराराच्या वर्षांवर विभागला जातो. पाच वर्षांचा करार असेल तर दरवर्षी एक-पंचमांश. इंग्लंडमध्ये एक वर्षापर्यंतच्या भाडेकराराचा खर्च त्याच वर्षी मान्य होतो, परंतु एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पहिल्या करारासाठी केलेला खर्च भांडवली समजला जातो. दोन्ही देशांत दलालीचा प्रत्यक्ष आकडा विचारात घेतला जातो. भारतात सामान्य घरमालकासाठी तो विचारातच घेतला जात नाही.

विश्वस्त संस्थांचा वेगळा मार्ग

आता संस्थांकडे वळू. नोंदणीकृत धर्मादाय वा धार्मिक संस्थेचे उत्पन्न, त्याच्या किमान ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांसाठी वापरण्याच्या अटीवर, करमुक्त राहते. परंतु हे 'उत्पन्न' कसे मोजावयाचे? घरमालकाप्रमाणे ३० टक्के ठोक वजा करून की प्रत्यक्ष खर्च वजा करून? केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९ जून १९६८ च्या परिपत्रकात याचे उत्तर दिले. संस्थेचे उत्पन्न हे व्यावहारिक, म्हणजे व्यापारी हिशेबाच्या अर्थाने घ्यावे, वेगवेगळ्या शीर्षांखालील आकडेमोडीने नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग पर्सोनेल सिलेक्शन या संस्थेच्या प्रकरणात हेच तत्त्व धरून घसाराही मान्य केला. पुण्याच्या राजस्थानी अँड गुजराती चॅरिटेबल फाउंडेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. घसाऱ्यापुरता कायदा मधल्या काळात बदलला. मालमत्तेची खरेदी-किंमत एकदा उद्दिष्टासाठीचा खर्च म्हणून दाखविली की तिच्यावर आकारणी वर्ष २०१५-१६ पासून घसारा मिळत नाही. मूळ तत्त्व मात्र टिकले.

या तत्त्वाचा अर्थ असा की, संस्थेला ३० टक्क्यांची ठोक वजावट नाही, आणि दलालीवर बंदीही नाही. संस्थेच्या गाळ्यासाठी भाडेकरू मिळविताना जी दलाली खरोखर दिली ती भाड्यातून खरोखर वजा होते. वरील उदाहरणातील जागा संस्थेची आहे असे समजू. भाडे १,२०,००० रुपये, घरपट्टी ६,००० रुपये, दलाली १०,००० रुपये आणि दुरुस्ती ८,००० रुपये. संस्थेचे व्यावहारिक उत्पन्न ९६,००० रुपये. त्याचे ८५ टक्के, म्हणजे ८१,६०० रुपये उद्दिष्टांसाठी वापरले की अट पूर्ण झाली. दलालीची पावती नाही म्हणून ती अमान्य झाली, तर उत्पन्न १,०६,००० रुपये धरले जाईल आणि अट ९०,१०० रुपयांची होईल. हातात मात्र ९६,००० रुपयेच. एका हरवलेल्या पावतीने ८,५०० रुपयांचा भार वाढला. घरमालकाची दलालीची पावती करासाठी निरुपयोगी. संस्थेची तीच पावती मोलाची.

संस्थांना दलालाकडे वारंवार जावे लागण्याचे आणखी एक कारण आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या छत्तिसाव्या कलमाप्रमाणे इमारत वा बिनशेती जमीन तीन वर्षांहून अधिक आणि शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ही अट मिळकतीच्या रक्षणासाठी आहे आणि ती योग्यच आहे. परंतु तिच्यामुळे संस्थांचे करार साहजिकच तीन वर्षांच्या आत राहतात आणि दलालीचा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो.

विश्वस्तांची कसोटी

प्रत्यक्ष खर्च मान्य होण्याची ही सवलत काही जबाबदाऱ्या घेऊन येते. गेल्या काही वर्षांत त्या वाढल्या आहेत.

पहिली जबाबदारी मुळातून करकपातीची. बहुसंख्य वैयक्तिक घरमालकांना दलालीवर करकपात करावी लागत नाही. संस्थेला करावी लागते. एका दलालास वर्षभरात २०,००० रुपयांहून अधिक दलाली दिल्यास कपात करण्याची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून आली. त्यापूर्वी ती १५,००० रुपये होती. कपातीचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के झाला. दुसरी जबाबदारी रोखीच्या व्यवहाराची. २०१८ च्या वित्त अधिनियमाने, आकारणी वर्ष २०१९-२० पासून, धंद्यातील दोन बंधने संस्थांच्या विनियोगालाही लावली. करकपात न केलेल्या रकमेचा ३० टक्के भाग आणि एका व्यक्तीस एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोखीने दिलेली रक्कम विनियोगात धरली जात नाही. तिसरी बाब प्रत्यक्ष पैसे देण्याची. आकारणी वर्ष २०२२-२३ पासून संस्थेचा विनियोग प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी मोजला जातो. देणे आहे एवढी नोंद पुरेशी नाही.

चौथी बाब अधिक नाजूक आहे. छोट्या शहरांत दलालीचे काम करणारी व्यक्ती अनेकदा ओळखीची, समाजातील, कधी विश्वस्तांच्या नात्यातीलही असते. कायदा त्यास सरसकट मनाई करीत नाही. परंतु विश्वस्त वा त्यांचे नातलग यांना दिलेला मोबदला वाजवीपेक्षा अधिक असल्यास, किंवा संस्थेची जागा त्यांना पुरेशा भाड्याशिवाय दिल्यास, तेवढ्या उत्पन्नावरील करसवलत धोक्यात येते. अशा वेळी बाजारातील दर, इतर दलालांची पत्रे आणि संबंधित विश्वस्ताने बाजूला राहून झालेला ठराव इतिवृत्तात असणे हे संस्थेचे खरे संरक्षण होय.

जैन संस्थांच्या हिशेबात आणखी एक शिस्त परंपरेने आलेली आहे, ती खात्यांची. देवद्रव्य, साधारण, जीवदया, पाठशाळा ही खाती वेगळी ठेवण्याचा आग्रह पूर्वजांनी धरला. ज्या खात्याच्या मिळकतीचे भाडे, त्याच खात्यावर तिची दलाली पडावी, हे या शिस्तीतून ओघानेच येते. जीवदयेच्या गाळ्याची दलाली साधारण खात्यातून दिली, तर आयकराच्या एकूण बेरजेत फरक पडणार नाही. परंतु दात्याच्या हेतूत पडेल.

आयकराच्या इतिहासात मुनीम होता तेव्हा त्याची नोंद झाली आणि दलाल आला तेव्हा नोंदवहीच बंद झाली. सामान्य घरमालकाला त्या ३० टक्क्यांवर समाधान मानावे लागते. संस्थांसाठी मात्र वही अद्याप उघडी आहे. तेथे जे खरोखर खर्च झाले, पावतीने सिद्ध झाले, योग्य मार्गाने दिले गेले, ते मान्य होते. जे तसे नाही ते कार्याच्या वाट्यातून जाते. दानात आलेल्या गाळ्याचे भाडे ज्या मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी, ज्या रुग्णाच्या औषधासाठी किंवा ज्या गोशाळेच्या चाऱ्यासाठी होते, त्याच्याच हातातून ते निसटते. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी आपली जागा समाजाच्या हवाली केली त्यांना आयकराचे कलम ठाऊक असेल वा नसेल. आपल्या मिळकतीच्या भाड्याचा प्रत्येक रुपया चोख लिहिला जाईल, एवढा विश्वास त्यांनी ठेवला होता. तो विश्वास पुढील पन्नास वर्षे राखणे हे आजच्या आणि उद्याच्या विश्वस्तांचे कर्तव्य आहे.